वापराची विहीर

३ नोव्हेंबर, सोमवार

"वकिलाने रोज चार ओळी लिहाव्यात, म्हणजे मसुद्यातला पाल्हाळ कमी होतो," असं सर म्हणाले आणि त्यांच्याकडची एक कोरी डायरी त्यांनी मला दिवाळी म्हणून दिली. गेल्या सालची आहे. तारखा खोडून वापर म्हणाले. आमचे सर मालवण कोर्टातले हुशार वकील आणि पक्के चिक्कू. मी त्यांच्याकडे ज्युनियर आहे, तात्पुरत्या सनदेवर. सनद घेतल्यापासून दोन वर्षांत पात्रता परीक्षा पास व्हावी लागते, नाहीतर कोट खुंटीला टांगायचा. एकदा बसले आणि आपटले. यंदा नाही जमलं तर मुदत संपली. परीक्षा याच महिन्याच्या तीस तारखेला, पुण्यात.

काल सुभद्राकाकीकडे तुळशीचं लग्न होतं. काकी आमची कुंपणापलीकडची शेजारीण. नात्याने कोणी नाही, पण मी अर्धी तिच्याच पडवीत वाढले. आईने डब्यातून लाडू पाठवले होते. डबा आज परत आला तो आवळे आणि चिंचांनी भरून. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काहीच नसलं तर काकी चार अबोलीची फुलं घालते, पण रिकामं कधी नाही.

लग्नाला काकीची मुलगी शर्मिला आली होती. ती कुडाळला नर्स आहे. मला पोहायला तिनेच शिकवलं. मंगलाष्टकं झाल्यावर सगळ्यांना गूळ-पाणी देताना तिने पेला नाकाशी नेला.

"आये, पाण्याक वास येता गो."

"पाचोळो पडलो आसतलो," काकी म्हणाली. "बाव उपसूक होयी."

शर्मिला विहिरीपलीकडच्या कुंपणाकडे बघत राहिली. तिथे आमच्या शोषखड्ड्याचं नवं झाकण दिसतं.

मी पेला संपवला. मला वास आला नाही. निदान तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी तसंच सांगितलं असतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ग्रामपंचायतीची नोटीस आली, माझ्या नावाने. आमचं न्याहारी-निवास माझ्या नावावर आहे. महिला उद्योजक म्हटलं की काही सवलती मिळतात, म्हणून बाबांनी मला मालकीण केलं. या मालकिणीला खोल्यांच्या चाव्या कुठे टांगतात तेही ठाऊक नाही.

तक्रार शर्मिलाची. आमचा शोषखड्डा तिच्या आईच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून नियमात सांगितलेल्या अंतरावर नाही, तरी लेखी खुलासा द्यावा, पाहणी येत्या बुधवारी.

बाबांनी नोटीस दोनदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला. त्यांनी पंचवीस वर्षं जहाजावर काढली आणि परत येऊन जे होतं ते सगळं या चार खोल्यांत घातलं. प्रत्येक खोलीला स्वतंत्र संडास. पर्यटकाला समुद्र आणि संडास दोन्ही खोलीतून लागतात, हे त्यांचं ठाम मत. प्लंबर ओंकारने खड्डा आधी समुद्राकडच्या बाजूला आखला होता, पण तिथे बाबांना झोपाळा बांधायचा होता. मग खड्डा गेला काकीच्या कुंपणाला. "वाळू आसा, काय घातलां तरी गिळता," असं ओंकारही म्हणाला आणि आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मीही तिथेच उभी होते, हातात दंडविधानाचं पुस्तक घेऊन.

"हंगाम सुरू झालो," बाबा म्हणाले. "आता खड्डो बंद म्हणजे खोल्यो बंद. तू वकील मा? काय तां बघ."

घरात कोणी मला पहिल्यांदाच वकील म्हणालं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

टेप घेऊन मोजलं. नियमातल्या अंतराच्या निम्मंही भरत नाही. टेपचं दुसरं टोक बाबांनी धरलं होतं. ते म्हणाले, पुन्हा मोज. पुन्हा मोजलं. वाळू काही हलली नव्हती.

दुपारी नियम नीट वाचायला बसले. अंतर मोजायचं ते पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून. कपडे धुवायच्या, झाडांना घालायच्या विहिरीचं नाव नाही. 'पिण्याच्या' या शब्दावर माझी नजर अडली आणि मग हटेना.

काकीकडे गेल्या वर्षी नळ आला. नळपाणी योजनेच्या यादीत तिचं नाव आहे. नळाला पाणी कधी येतं, कधी येत नाही. आलं तर काकी त्यात गोधड्या भिजवते. पण जोडणी आहे ती आहे. ज्या घरात पिण्याच्या पाण्याची सरकारी जोडणी आहे, त्या घरची विहीर पिण्याची कशी?

मुद्दा चांगला आहे. इतका चांगला, की मी उठून अंगणात एक फेरी मारली.

९ नोव्हेंबर, रविवार

खुलासा लिहून झाला. काल सरांना तोंडी मुद्दा सांगितला तर ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "शाबास. पक्षकार कोण?" मी म्हटलं, आमच्या गावातले एकजण. एवढं साधं खोटं बोलताना माझे कान गरम झाले.

मुख्य वाक्य असं आहे: 'सदर विहिरीचा वापर पिण्यासाठी होत नसून केवळ कपडे, भांडी व बागेसाठी होतो.' एकही शब्द जादा नाही. सरांना आवडलं असतं.

हे लिहीत होते तेव्हा आईने शेजारी चहा ठेवला. आमची विहीर मचूळ आहे. एकीकडे खाडी, दुसरीकडे समुद्र, मधे आमची चिंचोळी वाळू. गोडं पाणी लागलं तर नशीब. ते लागलं काकीला. माझा जन्म व्हायच्या आधीपासून आई कुंपणातल्या फटीतून सकाळी जाते आणि काकीच्या बावीवरून कळशी भरून आणते. आमचा चहा त्या पाण्याचा, डाळ त्या पाण्याची, पाहुणे मिटक्या मारतात ती सोलकढीसुद्धा. मी खुलासा लिहिला आणि चहा प्यायले. हे दोन्ही एकाच हाताने केलं, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

संध्याकाळी वकिली व्यवसायाचा कायदा मोठ्याने वाचत होते. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सनद मिळत नाही, असं एक कलम आहे. बाबा बाहेरच्या बाकावर बल्बला वायर जोडत होते.

"केस झाली तर सनद जाता काय गो?" त्यांनी विचारलं.

"जावक शकता," मी म्हटलं आणि पान उलटलं. पाठांतरात मधे कोणी बोललं की माझं डोकं फिरतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज एक चांगली गोष्ट झाली. बाबा तिन्हीसांजेला सुपारीचा डबा घेऊन काकीकडे गेले. नोटीस आल्यापासून, आईचं पाणी भरणं सोडलं तर, दोन्ही घरं एकमेकांकडे बघत नव्हती. बराच वेळ बसले. आले तेव्हा डोळे लाल होते. "वयनीन समजून घेतल्यान," एवढंच म्हणाले. म्हणजे त्यांनी माफी मागितली असणार. बाबा कोणाची माफी मागतात हे मी पहिल्यांदा पाहिलं, म्हणजे पाहिलं नाही, पण कळलं. मला फार हलकं वाटलं. खड्डा हंगाम संपल्यावर हलवूच. तसं मी बाबांना सांगणार आहे.

आईची तांब्याची कळशी सकाळी काकीच्या बावीवरच राहिली. आणायला जाते म्हणाली तर बाबांनी तिला थांबवलं. उद्या पाहणी आहे, आपली कळशी तिथे जाताना दिसायला नको.

आई म्हणाली, "मगे उद्या चाय कसल्या पाण्याची?"

त्याचा विचार कोणीच केला नव्हता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पाहणी झाली. ग्रामसेवक आणि दोन पंच आले होते. शर्मिलाला ड्युटीमुळे येता आलं नाही. मी पांढरी साडी नेसले होते, का ते माहीत नाही. खुलासा त्यांच्या हातात दिला. ग्रामसेवकांनी तो वाचला, मग काकीला विचारलं, "आजी, या विहिरीचं पाणी तुम्ही पिता का?"

काकी खोटं बोलत नाही. तिला बोलताच येत नाही. पत्त्यात हुकूम हातात आला की तिचा चेहरा सांगतो.

काकी माझ्याकडे बघून म्हणाली, "नाही हो साहेब. पिण्यासाठी नळाचं पाणी घेते. विहीर आपली वापरायची."

अगदी ऑफिसातल्या मराठीत. जन्मात ती 'बाव' सोडून दुसरं काही म्हणाली नाही, आज 'विहीर' म्हणाली. मला वाटतं तिला नळाचा अभिमान असावा. गावातल्या म्हाताऱ्यांना सरकारी माणसासमोर नळाचं नाव सांगायला आवडतं. किंवा ग्रामसेवकांनी प्रश्नच असा विचारला की तिला दुसरं सुचलं नाही. काहीही असो, ती तक्रारदाराची आई आणि तिनेच सांगितलं. पंचांनी सह्या केल्या. तक्रार निकाली.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. जाताना काकी मला म्हणाली, "तुझी ती कायमची सनद कधी गावतली गो?"

"परीक्षा झाली काय, काकी. निकाल जानेवारीत."

"बरां," ती म्हणाली. "अभ्यास कर."

मी जिंकले. इथे तसं लिहून ठेवते, कारण मला तसं वाटत नाहीये.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शर्मिलाचा मेसेज आला. 'आये खोटा बोलली. कित्याक बोलली तां सांगणा नाय. तुका ठावक आसा?'

मला खरंच ठाऊक नाही. पण तसं कळवलं असतं तर तिने पुढे विचारलं असतं, खुलासा कोणी लिहिला. मी उत्तर दिलं नाही. तिने शिकवलेलं पोहणं अजून येतं मला, एवढंच मनात येत राहिलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आता आमच्याकडे पाण्याचे जार येतात. ज्या विहिरीचं पाणी पिण्याचं नाही असं आम्हीच लिहून दिलं, तिथून आई कळशी भरून कशी आणणार? गावाला डोळे आहेत. तेव्हा काकीच्या बावीचं पाणी सगळ्यात आधी आमच्याच घरात बंद झालं.

जारच्या पाण्यात डाळ शिजत नाही, असं आई म्हणते. चहा तिला औषधासारखा लागतो. सकाळी उठल्यावर ती सवयीने कुंपणाच्या फटीपर्यंत जाते, उभी राहते आणि परत येते. कळशी अजून तिकडेच आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

परीक्षेआधी काकीच्या पाया पडायला गेले. मागच्या वेळीही गेले होते, तेव्हा तिने गूळ-पाणी दिलं होतं. आज तिने आतून बाटलीबंद पाणी आणलं, झाकण न फोडलेलं, आणि गुळाचा खडा.

"ह्यां काय, काकी?"

"शर्मिलान पेटी हाडून ठेवल्यान. पी."

टोमणाच होता. दुसरं काय असणार? मीच तिची विहीर कागदावर आटवली, आता ती मला बाटली दाखवणार. मी मुकाट प्यायले. कोपऱ्यात ती पेटी होती. सगळी भरलेली, माझीच एक बाटली कमी. चुलीशी मात्र बावीच्या पाण्याचा हंडा नेहमीसारखा भरून ठेवलेला होता. आणि पडवीतल्या दोरीला आईची कळशी पालथी टांगलेली, चिंचेने घासून लख्ख केलेली. मागायचा धीर झाला नाही.

निघताना तिने पुन्हा विचारलं, "ह्या टायमाक होतली मा सनद?" हा प्रश्न ती हल्ली भेटेल तेव्हा विचारते. मागच्या वेळी मी आपटले हे सारखं आठवण करून द्यायचं, आणखी काय.

३० नोव्हेंबर, रविवार. पुणे

परीक्षा झाली. कायद्याची नुसती पुस्तकं आत नेता येतात, टिपणं नाही. माझ्या एका पुस्तकात पेन्सिलची एक खूण निघाली तर तपासणाऱ्या बाईंनी खोडरबर देऊन ती पुसायला लावली. इतकं कडक. मनात आलं, असं कोणी आमच्या पंचायतीत उभं राहिलं असतं तर.

पेपर बरा गेला. वकिलाच्या आचारसंहितेवर एक प्रश्न होता. एका पक्षासाठी ज्याने मसुदा लिहून दिला, त्या वकिलाला त्याच प्रकरणात समोरच्या पक्षाचं काम घेता येतं का? मी झटकन 'नाही' वर खूण केली. पुढच्या प्रश्नाकडे गेले आणि हात थांबला. समोरचा पक्ष म्हणजे काकी. मी तिला एकदाही पक्ष म्हणून पाहिलं नव्हतं. घड्याळ चालू होतं, म्हणून पुढे लिहीत राहिले.

२४ डिसेंबर, बुधवार

नाताळ. चारही खोल्या भरल्यात, अंगणात दोन तंबू लावलेत. दिवसभर नळ चालू. दुपारी खड्ड्याच्या झाकणाच्या कडेने ओल दिसली. बाबांनी वर दोन पाट्या वाळू टाकली आणि वर कुंड्या ठेवल्या. कुंड्यांत झेंडू आहे. एका पाहुणीने तिथे उभं राहून फोटो काढून घेतला.

आईने सांगितलं, काकी दोन दिवस मालवणला दवाखान्यात होती. जुलाब आणि उलट्या. सलाइन लावलं. डॉक्टरांना तिने सांगितलं की तिसऱ्यांच्या शिंपल्या खाल्ल्या, त्या बाधल्या.

तिसऱ्याच असतील. या दिवसांत बाधतात कधीकधी.

आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. काकीने तिसऱ्या खायचं सोडून किती वर्षं झाली ते आम्हां दोघींनाही माहीत आहे. मी हे लिहिताना खोडणार होते, पण राहू दे. मला लाज वाटते. रोज वाटते, आणि रोज मी त्यावर वाळूची एक पाटी टाकते. बाबांपेक्षा मी वेगळं काय करतेय?

बाबांना म्हटलं, खड्डा आत्ताच हलवूया. ते म्हणाले, "पाहुणे गेल्यार." पाहुणे गेले की दुसरे येतात. तोच तर धंदा आहे.

७ जानेवारी, बुधवार

पास झाले.

सर म्हणाले, "आता पगाराचं बघू." बाबांनी मालवणहून पेढे आणले आणि पाहुण्यांनाही वाटले. "आमचां चेडू वकील" असं ते एकाला तीनदा सांगत होते. मी हसत होते, आणि मधेच रडायला आलं तर सगळ्यांना ते आनंदाचं वाटलं.

८ जानेवारी, गुरुवार

पेढे घेऊन काकीकडे गेले. ती निम्मी झालीय. पडवीत वाती वळत बसली होती. मी पाया पडले.

"गावली?" तिने विचारलं.

"गावली."

"आता ती कोण काढून घेवचो नाय मा?"

"नाय, काकी."

तिने वाती बाजूला ठेवल्या आणि एवढा मोठा श्वास सोडला, की मला आधी वाटलं तिला काही होतंय.

"सुटलंय बाये," ती म्हणाली. "मगे आता शर्मिलाक बोलव. पंचायतीत जावया. ह्या पाण्यान माका आडवी पाडल्यान. आता माझ्यान खोटा बोलणा होवचां नाय."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. पाहणीच्या आदल्या संध्याकाळी बाबा इथेच पडवीच्या पायरीवर बसले होते. सुपारी घेऊन आले, पण कातरली नाही. "हात जोडल्यान माझ्यासमोर. 'वयनी, नोटीस पोरीच्या नावार आसा. केस झाली तर तिची सनद जाता. तिनाच माका सांगल्यान,' म्हणालो. रडलो गो. मी म्हटलंय, पोरीची सनद होवंदे. पाण्याचां मगे बघूया."

'तिनेच मला सांगितलं,' म्हणाले बाबा. मीच सांगितलं होतं, पुस्तकातून मान वर न करता.

म्हणजे ती भेटेल तेव्हा सनदेचं विचारायची, ते हे. पेटीतली बाटली मला, आणि हंड्यातलं पाणी तिला.

"आणि आता तूच हो माझी वकील," ती म्हणाली. "दुसरो खंय शोधू?"

परीक्षेतल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला बरोबर आलं होतं.

"माका होवक येवचां नाय, काकी."

"कित्याक?"

"त्यांचो कागद मीच लिवलंय. तुझी बाव वापराची, पिवची न्हय, ह्यां मीच लिवलंय."

तिला ते माहीत नव्हतं. तिला वाटत होतं कागद बाबांनी कोणाकडून तरी करून आणला. 

"तू लिवलंस?" ती म्हणाली. "ह्याच बावीर तुका न्हाणलंय गो मी."

मग तिने वाती पुन्हा पुढे ओढल्या. "ये आता. माका कामा आसत." पेढ्यांचा डबा तिने घेतला नाही.

१२ जानेवारी, सोमवार

शनिवारी मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वकील म्हणून तू तिच्या बाजूने उभी राहू शकत नाहीस. साक्षीदार म्हणून कोणी अडवलंय?"

आज सकाळी पंचायतीत गेले. काकी आणि शर्मिला आधीच आल्या होत्या. शर्मिलाने विहिरीचं पाणी ओरोसच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासणीला दिलं होतं. पिण्यास अयोग्य, असा तो कागद टेबलावर होता. ग्रामसेवक म्हणाले, "पण गेल्या वेळी आजींनीच सांगितलं, ही विहीर पिण्याची नाही. आणि मॅडम, तुम्ही तसा खुलासा दिलात."

"मी दिला तो खोटा होता."

"मग आता हे कोणत्या नात्याने सांगताय?"

"मी ह्या विहिरीचं पाणी पिऊन मोठी झाले. माझी आई पाहणीच्या आदल्या दिवसापर्यंत तिथलंच पाणी भरत होती. आमच्या घरचा स्वयंपाक ह्याच पाण्यावर व्हायचा. असा जबाब लिहून घ्या. आजी तेव्हा जे बोलल्या ते आमच्यासाठी बोलल्या."

त्यांनी लिहून घेतलं. व्यवसायाच्या रकान्याशी थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वकील लिहा, खोटं लिहिणारी कोण ते कळू दे. त्यांनी नुसतं वकील लिहिलं. निर्णय झाला: खड्डा लगेच बंद करायचा, हलवून होईपर्यंत खोल्या बंद. बाबांना आदेश मिळाला तेव्हा ते म्हणाले, "चेडवाक वकील केलंय, आणि पयली केस बापाशीवर." मग झोपाळ्यावर जाऊन बसले, समुद्राकडे तोंड करून. मी त्यांच्या शेजारी गेले नाही. त्यांनी हात जोडले ते माझ्यासाठीच जोडले होते. त्यांना मी काय तोंडाने बोलू?

पण हे त्याआधीचं लिहायचं राहिलं. पंचायतीतून आम्ही तिघी चालत आलो. शर्मिला पुढे चालत होती, माझ्याशी बोलत नव्हती. काकी माझ्या बरोबर होती. दम लागला म्हणून ती माडाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आज तू सगळां सांगलंस. तुझ्या सनदेक काय होवचां नाय मा?"

इतकं झाल्यावरही तिला माझ्या सनदेचीच काळजी. मला हो म्हणून पुढे जाता आलं असतं.

"काय होवचां नाय, काकी. तेव्हापण काय झालां नसतां. शोषखड्ड्याच्या नोटिशीन कोणाची सनद जायत नाय. बाबांनी इचारल्यानी तेव्हा माझां लक्ष नव्हतां."

"म्हणजे त्या दिवशी मी खरां बोललंय असतंय, तरी चाललां असतां?"

"होय."

ती माडावरचा हात काढून चालायला लागली. तिच्या फाटकाशी आलो. शर्मिला आत गेली. मी तशीच उभी राहिले, कारण माफ कर म्हणायचं होतं. काकी पडवीत गेली, दोरीवरची आईची कळशी सोडली, पदराने आतून बाहेरून पुसली आणि माझ्या हातात दिली.

"तुझ्या आवशीची आसा. घेवन जा."

मी कुंपणाच्या फटीतून आले. आई मागच्या दारात उभी होती. तिने कळशी माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे तिरकी धरली आणि आधी आत पाहिलं. मग हात घालून तळ चाचपला, एखादं फूल तरी चिकटून राहिलं असेल म्हणून. तिला तिथे काहीच सापडलं नाही.